पाळीव सशाची नसबंदी: डॉक्टर निवडण्यापासून टाके भरून येईपर्यंत

सशाच्या नसबंदीचा विचार बहुतेक घरांत दोनपैकी एका कारणाने सुरू होतो. एक तर दोन ससे आणले आणि महिन्याभरात ते आठ झाले, नाही तर एकच आणला आणि वयात येताच तो लघवीच्या पिचकाऱ्या मारू लागला, माणसांच्या पायांभोवती घुमत फिरू लागला, हात पुढे केला की चावू लागला. ही दोन्ही कारणे रास्तच आहेत. परंतु मादीच्या बाबतीत तिसरे कारण त्यांहून मोठे आहे आणि ते बाहेरून दिसत नसल्यामुळे आधी तेच सांगावे लागते.

नसबंदी न झालेल्या मादीचे वय जसजसे वाढते, तसतसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका झपाट्याने वाढत जातो. चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये, विशेषतः काही जातींत, निम्म्याहून अधिक माद्यांना हा रोग झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. तो हळूहळू वाढतो, फुप्फुसांपर्यंत पसरू शकतो आणि बहुतेक वेळा लघवीतून रक्त पडू लागेपर्यंत पाळणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. येथे एक गोंधळ टाळावा. ससा पूर्ण निरोगी असतानाही रंगद्रव्यांमुळे त्याची लघवी नारिंगी किंवा विटकरी दिसू शकते, आणि ती पाहून घाबरून जाणारे पाळणारे पुष्कळ असतात. सगळी लघवी एकसारख्या रंगाची असेल तर ते बहुधा रंगद्रव्यच असते. पण नेहमीच्या लघवीत वेगळे लाल ठिपके किंवा गाठी दिसल्या, अथवा लघवी होऊन गेल्यावर शेवटी रक्त आले, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. रक्त की रंग, याचा उलगडा साध्या लघवी-तपासणीत होतो.

पिल्लांचा हिशेबही एकदा नीट समजून घेतलेला बरा. सशाचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असतो, एका वेतात चार ते आठ आणि कधी त्याहून जास्त पिल्ले होतात, आणि मादी व्यायल्यानंतर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तिचे बीज समागमानंतर सुटते, त्यामुळे ‘अमुक दिवसांत नराला सोडले तरी चालेल’ असे सुरक्षित दिवस सशांमध्ये नसतात. भावंडे आहेत म्हणून ती एकत्र ठेवण्यातही अर्थ नाही, कारण नाते त्यांना अडवत नाही. शिवाय लहान पिल्लांचे लिंग ओळखण्यात भल्याभल्यांची चूक होते. दोन माद्या म्हणून घरी आणलेली जोडी खरोखर दोन माद्यांचीच आहे ना, हे डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्यावे आणि मगच पिंजऱ्याचे दार मोकळे सोडावे.

नराच्या नसबंदीचे प्रयोजन मुख्यतः पिल्ले थांबवणे आणि स्वभाव निवळणे हे आहे. दोन नसबंदी न झालेले नर वयात आल्यावर एकमेकांना चावून गंभीर जखमा करतात, बऱ्याचदा जननेंद्रियांवरच. म्हणून ‘दोघेही नर आहेत, मग काय चिंता’ हा युक्तिवाद टिकत नाही.

कोणत्या वयात करावी

नराची वृषणे साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास खाली उतरतात आणि ती उतरल्यावर शस्त्रक्रिया करता येते. बरेच डॉक्टर तो साडेतीन-चार महिन्यांचा होईपर्यंत थांबतात. मादीसाठी साधारण चार ते सहा महिन्यांचे वय सोयीचे ठरते, मोठ्या जातींत थोडे पुढचे. फार लवकर केली तर अवयव अगदी लहान असतात, आणि फार उशीर केला तर गर्भाशयाला आधार देणाऱ्या पडद्यात चरबी साठून शस्त्रक्रिया किचकट होते. वय उलटून गेले म्हणून विचार सोडून देऊ नये; मात्र चार-पाच वर्षांपुढच्या मादीत आधी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करून मग निर्णय घ्यावा, कारण रोग फुप्फुसांत पोहोचला असेल तर पोट उघडण्यात काही हशील नसते. नुकताच घरी आणलेला, सर्दी-शिंका असलेला, जुलाब झालेला किंवा फार लठ्ठ झालेला ससा असेल तर आधी त्याची प्रकृती स्थिर होऊ द्यावी.

डॉक्टर निवडताना

कुत्र्या-मांजरांची नसबंदी रोज करणारे डॉक्टर सशाचीही तितक्याच सहजतेने करतील, असे गृहीत धरू नये. त्यांचे कौशल्य कमी असते असे नाही. सशाचे शरीरच निराळे असते. ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, त्याचे तोंड अरुंद आणि घसा खोल असल्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, अनेक सशांच्या श्वसनमार्गात लक्षणांवाचून दबलेला संसर्ग असतो, आणि भुलीच्या वेळी इतर प्राण्यांना सर्रास दिले जाणारे ॲट्रोपिन कित्येक सशांच्या रक्तातील एका विकरामुळे लवकर निकामी होते. ब्रिटनमधील पशुदवाखान्यांतून माहिती गोळा करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल आणि गुंगीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के आढळले. निरोगी सशांपुरते पाहिले तर ते 0.73 टक्के होते. तेव्हापासून भुलीची औषधे आणि उपकरणे सुधारली आहेत. पण त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट पाळणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून अधिक ससे शस्त्रक्रिया चालू असताना नव्हे, तर ती संपल्यानंतर दगावले होते. म्हणजे धोक्याचा मोठा भाग टेबलावर नसून जाग येण्याच्या आणि पुन्हा खाऊ लागण्याच्या काळात असतो, आणि त्या काळाचा बराच भाग तुमच्या घरात जातो.

म्हणून डॉक्टरांना संकोच न करता प्रश्न विचारावेत. सशांच्या, त्यातही मादीच्या, किती शस्त्रक्रिया ते करतात. भुलीच्या वेळी प्राणवायू कसा देतात आणि श्वासावर कोण लक्ष ठेवते. अंग गार पडू नये म्हणून काय व्यवस्था असते. घरी किती दिवसांचे वेदनाशामक देतात. आणि रात्री काही बिघडले तर कोणाला फोन करायचा. नराच्या बाबतीत आणखी एक विचारावे. सशाच्या जांघेतील मार्ग आयुष्यभर उघडा राहतो, त्यातून तो वृषणे वर पोटात ओढून घेऊ शकतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच मार्गाने आतडे खाली उतरण्याची शक्यता असते. तो मार्ग बंद करण्याची किंवा आवरणासकट वृषण बांधून काढण्याची काळजी डॉक्टर घेतात का, ते जाणून घ्यावे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

या सगळ्यांत एक प्रश्न मात्र कसोटीचा मानावा: ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे का?’ उत्तर ‘हो’ असे आले तर नम्रपणे आभार मानून दुसरा दवाखाना शोधावा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन ती श्वासमार्गात जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचे आतडे सतत तंतुमय अन्न पुढे ढकलत राहण्यावर चालते. ते रिकामे राहिले की मंदावते, मंदावले की वायू धरतो, वायू धरला की दुखते आणि दुखू लागले की ससा खाणे आणखी कमी करतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते तोडणे नसबंदीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असते. भूल देण्याआधी तासभर तोंडातले अन्न साफ होण्यापुरते खाणे थांबवायला काही डॉक्टर सांगतात, ते ठीक आहे.

दवाखान्यात नेताना

आठवडाभर आधी वजन करून लिहून ठेवावे, तसेच ससा रोज साधारण किती खातो आणि लेंड्या किती व केवढ्या टाकतो हे डोळ्यांखालून घालावे. शस्त्रक्रियेनंतर तुलना करायला तेवढाच आधार असतो. याच आठवड्यात आहारात नवे काहीही घालू नये. जाताना पेटीत खाली टॉवेल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि त्याचे रोजचे सुके गवत व आवडीची पालेभाजी सोबत द्यावी. जाग आल्यावर ओळखीचा वास असलेले अन्न तो लवकर तोंडात घेतो. जोडीदार असेल तर शक्यतो दोघांना बरोबर न्यावे. त्यामुळे भीती कमी होते, आणि एकटाच परतलेला ससा दवाखान्याच्या वासामुळे जोडीदाराला परका वाटण्याचा प्रसंग टळतो.

सशाला उचलण्याची रीत येथेच सांगायला हवी, कारण सर्वांत वाईट इजा अनेकदा दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच होते. त्याची हाडे शरीराच्या मानाने फार हलकी असतात आणि मागच्या पायांचे स्नायू फार बळकट. मागचे पाय हवेत लोंबकळत राहिले आणि त्याने झटका मारला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली ठेवून त्याला आपल्या अंगाशी धरावे, आणि पेटीत मागचा भाग आधी आत सोडावा. कान धरून उचलण्याची पद्धत क्रूर आहे. उताणे केल्यावर ससा निपचित पडतो त्याला काही जण ‘झोपला’ म्हणतात. ती झोप नसते, शिकार झालेल्या प्राण्याने भीतीने ताठरून पडणे असते. नखे कापण्यासाठीसुद्धा हा उपाय करू नये.

शस्त्रक्रियेच्या खोलीत काय घडते हे थोडक्यात माहीत असावे. मादीचे पोट मध्यरेषेवर उघडून अंडाशये आणि गर्भाशय काढतात. नराची वृषणे वृषणकोशावर किंवा त्याच्या पुढे छेद देऊन काढतात. गुंगीचे आणि वेदनाशामक इंजेक्शन आधी, मग भूल, मग प्राणवायू, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, आणि आरंभापासून अखेरपर्यंत अंगाखाली ऊब, असा साधारण क्रम असतो. सशाची त्वचा पातळ असल्यामुळे केस काढताना ती सहज फाटते, म्हणून तेवढ्या कामालाही वेळ द्यावा लागतो. टाके त्वचेच्या आतून आणि आपोआप विरघळणारे घातले तर ससा ते कुरतडण्याची शक्यता बरीच कमी होते. भुलीवाचून, बांधून किंवा रबर लावून केलेले खच्चीकरण हा निव्वळ छळ आहे. कोणी स्वस्तातला उपाय म्हणून सुचवला तरी त्याला थारा देऊ नये.

पहिले चोवीस तास

ससा पूर्ण शुद्धीवर येऊन काहीतरी खाईपर्यंत त्याला दवाखान्यातच ठेवण्याचा आग्रह धरावा. घरी आणल्यावर त्याला शांत, उबदार आणि एकाच पातळीवरच्या जागेत ठेवावे, जेथे चढण्या-उतरण्यासारखे काही नसेल. खाली स्वच्छ टॉवेल किंवा कागद असावा; लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो. ऊब देण्यासाठी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको वाटल्यास त्याला दूर सरकता येते. सशाचे शरीराचे तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असते. कान गार लागत असतील, अंग सैल पडले असेल आणि तापमान 38 अंशांच्या खाली गेले असेल, तर ती ‘सकाळी बघू’ म्हणण्याची वेळ नाही.

वेदना लपवणे हा सशाचा स्वभावच आहे, त्यामुळे तो ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजणे चुकीचे आहे. त्याच्या चेहऱ्याकडे थोडे दूर बसून, त्याला न छेडता पाहावे. डोळे अर्धवट मिटलेले, गाल आत ओढून चपटे झालेले, नाकाचा गोलवा जाऊन ते टोकदार दिसणे, मिशा ताठ आणि कान मागे आवळलेले, अशी खूण वेदनेची असते. तो पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसतो, पोट जमिनीला दाबतो, पुन्हापुन्हा जागा बदलतो, आणि दात असे खातो की दोन हातांवरूनही ऐकू येते. कुरवाळताना होणारी दातांची हलकी टकटक वेगळी. ती समाधानाची असते आणि तेव्हा अंग सैल असते. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, वेळेवर आणि पूर्ण द्यावे. ‘आता बरा दिसतो’ म्हणून मध्येच बंद करू नये. माणसांची किंवा घरातल्या कुत्र्यासाठी आणलेली गोळी अंदाजाने कधीही देऊ नये.

खाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. गवताची मूठ त्याच्या नाकाजवळ धरावी, पाला पाण्यात बुडवून ओलसर द्यावा, पाणी बाटलीऐवजी वाडग्यात ठेवावे, कारण दुखणाऱ्या पोटाने मान वर करून पिणे त्याला जड जाते. काही तासांत त्याने स्वतःहून थोडेफार खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांच्या सल्ल्याने सिरिंजने पातळ तंतुमय अन्न भरवावे. यासाठी तयार भुकटी मिळते, ती शस्त्रक्रियेच्या आधीच घरात आणून ठेवलेली असावी. भरवताना ससा चारही पायांवर बसलेला असावा, सिरिंजचे टोक पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने आत घालावे, एका वेळी मिलिलिटरभर किंवा त्याहून कमी सोडावे आणि तो चावून गिळेपर्यंत थांबावे. मान वर उचलून घाईने ढकललेले अन्न फुप्फुसात जाते. पोट एकाएकी टणक, फुगलेले लागत असेल तर भरवू नये, थेट दवाखाना गाठावा. आतड्यात अडथळा असेल तर भरवलेले अन्न घात करते.

लेंड्या पहिल्या दिवशी कमी, लहान आणि कोरड्या असतात, त्याची काळजी नको. मात्र बारा तासांत अन्नाला तोंड लागले नाही, किंवा चोवीस तासांत एकही लेंडी पडली नाही, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

पुढचे दिवस

जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. कडेला किंचित लाली आणि थोडी सूज चालते; नराच्या रिकाम्या वृषणकोशाला काही दिवस सूज राहते. वाढत जाणारी किंवा घट्ट गाठ, पाझरणारे पाणी, वास, उघडलेली कड यांपैकी काही दिसले तर दाखवून आणावे. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर शक्यतो घालू नये, कारण ससा आपल्या मऊ लेंड्या गुदद्वारापासून थेट तोंडात घेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात, आणि कॉलर तेच बंद पाडते. मादीला सुमारे दहा दिवस उड्या आणि जिने वर्ज्य करावेत. नर बहुधा चार-पाच दिवसांत पूर्ववत होतो. जखमेवर पाणी, हळद किंवा घरगुती मलम काहीही लावू नये.

नसबंदी झाली म्हणून नर लगेच निर्धोक होत नाही. वाहिन्यांत शिल्लक राहिलेल्या शुक्राणूंमुळे तो पुढचे चार ते सहा आठवडे मादीला गाभण करू शकतो, आणि ‘शस्त्रक्रिया झाली होती तरी पिल्ले कशी झाली’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. तोपर्यंत दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवावे. एकमेकांचा वास राहतो आणि नंतर जुळवणे सोपे जाते. संप्रेरकांचा परिणाम ओसरायलाही काही आठवडे लागतात, म्हणून पिचकाऱ्या आणि चावणे दुसऱ्याच दिवशी थांबण्याची अपेक्षा धरू नये. मादी छातीचे केस उपटून घरटे करू लागते तो खोट्या गर्भधारणेचा प्रकार असतो. साधारण 16 ते 18 दिवसांत तो आपोआप संपतो आणि नसबंदीनंतर सहसा पुन्हा उद्भवत नाही. नसबंदी झालेला ससा लवकर लठ्ठ होतो, तेव्हा दाणेदार खाद्य मोजून आणि गवत भरपूर, हा नियम येथून पुढे अधिक काटेकोरपणे पाळावा.

औषधे आणि नेहमीची तपासणी

सशाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांसमोर दोन गोष्टी आवर्जून बोलाव्यात. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात, विषारी जीवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषासमान आहे. दुकानातून आणलेला थेंबांचा डबा वाचल्याशिवाय उघडू नये.

मिक्सोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी विषाणूजन्य रोग यांवरील लशी जेथे उपलब्ध आहेत तेथे डॉक्टरांच्या वेळापत्रकानुसार टोचून घ्याव्यात. दुसऱ्या रोगाचा 2010 साली फ्रान्समध्ये प्रथम आढळलेला नवा प्रकार अगदी लहान पिल्लांनाही होतो, आणि जुन्या प्रकारावरची लस त्याला पुरती पडत नाही. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून वर्षातून निदान एकदा दाढांसकट पूर्ण तोंड तपासून घ्यावे. पुढचे दात वाढले तरी ते घरी नखकातरीने कापू नयेत, त्याने दात उभे चिरतात. लाळ गळून हनुवटी ओली राहणे, गवत सोडून फक्त मऊ पदार्थ खाणे ही दाढा टोचत असल्याची खूण असते. मागच्या भागाला घाण चिकटलेली असेल तर तेथे माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. उष्ण आणि दमट दिवसांत ती जागा रोज दोनदा पाहावी. मान एका बाजूला कलणे, मागचे पाय ओढत चालणे, उघड्या तोंडाने श्वास घेणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी न्यावे.

आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर आणि साधारण त्याच वेळी वजन करून वहीत तारखेसह लिहावे. दोन किलोच्या सशाचे दोनशे ग्रॅम कमी झालेले डोळ्यांना दिसत नाही, पण तो त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा असतो. दवाखान्यात जाताना ही वही सोबत न्यावी.